ताईच्या कोटाचा रंग

चिंधीचं नाव चिंधी ठेवलं ते तिच्या ताईने. आई शिवणकाम करायची आणि मशीनच्या पायाशी कापडाच्या तुकड्यांचा जो ढीग साचायचा त्यात ही धाकटी रांगायची, लोळायची आणि तिथेच झोपून जायची. केर काढताना ताई ओरडायची, ‘आई, हिला उचलू की केराबरोबर भरू?’ एकदा तिने धाकटीला पाय धरून ढिगातून बाहेर ओढलं आणि म्हणाली, ‘ही बघ सगळ्यात मोठी चिंधी.’ झालं, तेच नाव चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते परीक्षेपुरतं. फॅशनचा व्यवसाय आणि वस्त्रतंत्र शिकायला विद्यापीठात आलेल्या मुलीला घरचे चिंधी म्हणतात, यावर वर्गातल्या पोरांनी पहिला आठवडा पोटभर हसून घेतलं. तिने हसू दिलं. नाव बदलायचं तर ज्याने ठेवलं त्याला विचारायला हवं, आणि ताई विचारायला होती कुठे?

त्यांचा विभाग दोन मजली होता. वरच्या मजल्यावर कापड विकायला शिकवत आणि खालच्या मजल्यावर करायला. वरती एक सर होते, त्यांना सगळे धंदासर म्हणत. कापूस कुठे पिकतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण गिऱ्हाईक दुकानाच्या काचेपाशी का थबकतं यावर ते तास कमी पडेपर्यंत बोलायचे. कुणी सादरीकरणात ‘विटकरी स्कर्ट’ म्हणालं की कपाळाला हात लावायचे. ‘अरे, विटकरी काय? विटा विकायच्यात का आपल्याला? काहीतरी गोड नाव दे त्याला!’ चिंधीला त्यांचे तास आवडायचे, पण जीव रमायचा तो खालच्या मजल्यावर, रंगशाळेत.

रंगशाळेत सदोदित आंबूस वाफ असायची. ओट्यावर काचेची भांडी, लोकरीच्या आणि सुताच्या पट्ट्या, वाळत घातलेले नमुने, आणि कोपऱ्यात दोन उजेडाच्या पेट्या शेजारी शेजारी. आतून राखाडी रंगवलेल्या, समोरून उघड्या, माणसाला खांद्यापर्यंत वाकून आत बघता येईल एवढ्या मोठ्या. बटण दाबलं की वरचा दिवा बदलायचा. एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या ट्यूबचा, एक घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचा. हे सगळं राज्य रंगमॅडमचं. बाई ठेंगण्या, आवाज मात्र तिसऱ्या इमारतीत जाईल असा. त्यांचा नियम पक्का होता: दोन कापडांचा रंग जुळतो की नाही हे ठरवायचं, तर दोन्ही एकाच पेटीत, एकाच उजेडात ठेवायची. आणि बघणाऱ्याने राखाडी एप्रन घालायचा, नाहीतर त्याच्या शर्टाची झाक कापडावर पडते. एक पोरगा एप्रनशिवाय लाल शर्टावरच आला तर त्याला त्यांनी ‘आधी स्वतःला विझवून ये’ म्हणून बाहेर काढला होता.

शेवटच्या वर्षाला मॅडमचं एक ठरलेलं काम असे. त्याला त्या ‘आठवणीचा रंग’ म्हणत. समोर नमुना न ठेवता, नुसतं आठवून एक रंग करायचा. जमला असं वाटलं की मूळ वस्तू आणून पेटीत पट्टीशेजारी ठेवायची आणि आपली आठवण किती पाण्यात आहे ते सगळ्यांसमोर बघायचं. कुणी आजोबांच्या स्कूटरचा रंग घेतला, कुणी शाळेतल्या बाकाचा, कुणी लहानपणच्या दप्तराचा. दरवर्षी सगळ्यांच्या पट्ट्या खऱ्यापेक्षा भडक यायच्या आणि मॅडम दरवर्षी तेवढ्याच खुशीत म्हणायच्या, ‘बघा, स्कूटर बिचारी इतकी सुंदर कधीच नव्हती.’

चिंधीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, ‘माझ्या ताईच्या कोटाचा.’

‘कोट आणता येईल ना? मूळ वस्तू नसेल तर मार्क नाहीत.’

‘हो, येईल की,’ चिंधी म्हणाली. धडधडीत थाप होती. कोट सोडा, ताई कुठल्या गल्लीत राहते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

ताई चिंधीपेक्षा बरीच मोठी. कापडाचं वेड घरात खरं तिला होतं. गिऱ्हाइकाने टाकलेल्या कापडाचे धागे सोडवून ते कसं विणलंय ते बघत बसायची. बारावीनंतर तिने हेच शिकायचं ठरवलं, याच विद्यापीठात, आणि तिला प्रवेशही मिळाला. आई म्हणाली, ‘मशीन घरात आहे, शिकवायला मी आहे. कापड शिकायला कॉलेज कशाला लागतं?’ ताई म्हणाली, लोकांच्या बाह्या आत घेत घेत मला तुझ्यासारखं म्हातारं व्हायचं नाही. आता हे काही बोलायचं बोलणं नव्हे. शब्दाने शब्द वाढला, दोन दिवस घरात भांडीसुद्धा आपटूनच ठेवली गेली, आणि शेवटी आईच्या तोंडून निघालं, ‘एवढं आहे तर जा मग!’ रागात कुठलीही आई असं म्हणते आणि कुठलीही मुलगी ते ऐकून न ऐकल्यासारखं करते. हिने ऐकलं. आईनेच त्या हिवाळ्यासाठी शिवलेला लोकरीचा कोट अंगात घातला आणि निघून गेली. कॉलेज राहिलंच. एकटीने राहायचं म्हणजे आधी पोटाचं बघावं लागतं. दूरच्या एका शहरात ती पडद्यांच्या दुकानात लागली, पुढे ते दुकानच सांभाळायला लागली, एवढं मावशीकडून कळत राहिलं. घरात तिचं नाव निघणं बंद झालं. चिंधी तेव्हा दुसरीत होती.

त्या दिवसाची गोष्ट चिंधीला मावशीने सांगितलेली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आणि साध्या सर्दीलाही तिखटमीठ लावून सांगणारी बाई. ‘तू दारात उभी होतीस गं बाळा, तिचा कोट गच्च धरून. तिने तुझं एकेक बोट सोडवलं आणि चालायला लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही!’ मावशी हे दर भेटीत सांगायची आणि दर भेटीत डोळे पुसायची. चिंधी मनाला ताण देऊन बघायची, पण दार आठवायचं नाही, रस्ता आठवायचा नाही, ताईचा त्या दिवशीचा चेहरासुद्धा नाही. आठवायचा तो फक्त रंग. तोंडाला अगदी चिकटलेली लोकर, डाळिंबी, थोडी विटकरीकडे गेलेली, मध्ये एक मोठं बटण, आणि खूप ऊब. एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

बाकीचं तिने केव्हाच माफ केलं असतं. भांडण आईचं आणि ताईचं होतं. पण आपण काय केलं होतं? आपल्याशी एक शब्दही न बोलता, बोटं सोडवून, न बघता ती गेली, हे तिला गिळता येत नव्हतं. आणि गिळता येत नाही म्हणून आठवण थोडीच थांबते? केस विंचरताना यायची, नवं कापड हातात आलं की यायची. मोठं झाल्यावर तिने आईला जेव्हा सांगितलं की मला वस्त्रतंत्र शिकायचंय, त्याच विद्यापीठात, तेव्हा आई मशीन चालवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने जाड कापड काढलं आणि चिंधीला न्यायला मोठी बॅग शिवायला घेतली. वर्गात पहिल्या दिवशी बाकावर बसताना चिंधीच्या मनात आलं, ही जागा खरं म्हणजे ताईची. ते तिच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

तर रंगशाळेत लाल, पिवळा आणि जरासा निळा घेऊन ती मागे लागली. पहिली पट्टी निव्वळ डाळिंबी आली. दुसरी तपकिरीकडे घसरली. तिसरी गंजासारखी. प्रत्येक पट्टी पेटीत ठेवायची, नियमाप्रमाणे दिवसाच्या उजेडात बघायची, डोळे मिटायची, पुन्हा बघायची. कधी चोरून पट्टी गालाला लावायची. मॅडमनी एकदा पकडलं. ‘चव बघणार आहेस का आता?’ तिने जीभ चावली आणि पट्टी खाली ठेवली.

आणि एका दुपारी तो रंग आला. भांड्यातून चिमट्याने पट्टी उचलली, धुतली, वाळवली, पेटीत ठेवली, आणि चिंधीने डोळे मिटून पुन्हा उघडले. हाच. एका छटेचाही फरक नाही. इतकी वर्षं डोळ्यांच्या मागे असलेली वस्तू समोर येऊन पडली होती आणि तिला हुंदका आवरेना. मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि धुतलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं.

त्या रविवारी ती पट्टी घेऊन घरी गेली. घर म्हणजे ओळीने तीन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत कापडाचे गठ्ठे, कपाट आणि चिंधीची खाट. मधल्या खोलीला खिडकीच नव्हती, तिथे भर दुपारीही बल्ब लावावा लागे. चिंधीने पुढच्या खोलीत मशीनच्या फळीवर पट्टी ठेवली.

‘हे काय विटकरी?’ आईने चष्म्यावरून बघितलं.

‘ताईच्या कोटाचा रंग.’

मशीन थांबलं. ताई हा शब्द त्या खोलीत इतक्या वर्षांनी उच्चारला गेला होता. चिंधीला वाटलं, आता आई उठून जाईल.

‘जांभळा होता तो,’ आई म्हणाली.

‘आई, नाही गं. असा होता. मला पक्कं आठवतंय.’

‘दुकानाबाहेर पायरीवर उभं राहून, उन्हात उलगडून घेतलंय मी ते कापड. मीच कापलं, मीच शिवलं. जांभळा!’ आणि मशीन असं दामटलं की सुईखालची शिवण वाकडी गेली. आईची शिवण वाकडी गेलेली चिंधीने पहिल्यांदा बघितली. ती पट्टी उचलून मधल्या खोलीत गेली. आईला रागात सगळंच उलटं आठवत असणार, अशी तिने समजूत करून घेतली. पण आईला तो कोट असा डोळ्यांसमोर असल्यासारखा आठवतो, याचं तिला मनातून बरंही वाटलं.

आता कोट हवा होता. तिने मावशीला गाठलं. मावशीने आधी कानावर हात ठेवले, मग ‘तुझ्या आईला कळलं तर मला उभी चिरेल’ म्हणाली, मग ‘मी दिला असं सांगायचं नाही हं’ म्हणाली, आणि पाठ असलेला नंबर धडाधड सांगून मोकळी झाली. इतकी वर्षं हा नंबर मावशीच्या जिभेवर होता!

निरोप लिहायला चिंधीला संध्याकाळ पुरली नाही. बोलायचं होतं ते सगळं लिहिलं आणि पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘ताई, मी चिंधी. मला तुझा कोट हवाय. कॉलेजात मार्कांसाठी. काम झालं की परत देते.’ शेजारणीकडे छत्री मागावी तसं. मनात एवढा पूर आणि बोटांतून निघालं काय, तर हे!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘कोणता कोट?’

चिंधी त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. ज्या रंगासाठी ती इतकी झुरली होती, तो ताईला आठवतसुद्धा नव्हता. तिने रागाने लिहिलं, ‘ज्यात गेलीस तो.’

मग बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा, ‘कुठल्या कॉलेजात आहेस?’ चिंधीने विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव लिहिलं. त्यावर लगेच आलं, ‘खाली दारापाशी मोठं झाड होतं. आहे का अजून? प्रवेशाला आले होते तेव्हा त्याच्याखाली बसून डबा खाल्ला होता.’ चिंधी धावत खाली गेली, झाडाचा फोटो काढला, पाठवला. ताईने तो बघितल्याची खूण आली, पण उत्तर आलं नाही.

कोट घेऊन ताई स्वतः येईल, असं चिंधीने मनाशी रंगवलं होतं. झाडाखाली उभी असेल, आपण एप्रनवरच धावत जाऊ वगैरे. आलं ते खाकी कागदातलं पार्सल, विभागाच्या शिपायाच्या हातून. ते तिने ओट्यावर ठेवलं आणि दोरी सोडली.

जांभळा. चक्क जांभळा! त्यात डाळिंबाचा दाणा नाही की विटेचा कण नाही. तिने दोनदा उलटापालटा केला आणि तशीच बाहेर जाऊन फोन लावला. इतक्या वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकायचा तो काय बोलायला, तर तक्रार करायला.

‘हॅलो,’ पलीकडून आवाज आला. थोडा जाड झालेला, पण ताईचाच.

‘तू चुकीचा कोट पाठवलास.’

‘चिंधे?’

‘हा तो नाही. तो डाळिंबी होता. दुसराच कुठलातरी पाठवलास तू.’

‘तोच आहे गं. आईने शिवलेला. आतला खिसा बघ, तुझ्या फुलाफुलांच्या फ्रॉकचं कापड उरलं होतं ते लावलंय त्याला.’ मग दुकानात कुणीतरी हाक मारली असावी, कारण ताई घाईने म्हणाली, ‘ठेवते,’ आणि फोन बंद झाला.

चिंधीने आत येऊन कोट उलटा केला. अस्तर खांद्यापासून फाटून लोंबत होतं. आतल्या खिशाला पिवळी फुलं होती, तिच्या दुसरीतल्या फ्रॉकची. कोट खरा होता. म्हणजे आई खरी होती. म्हणजे चुकली होती ती आपण. ताईचं म्हणून जे एकुलतं एक जवळ होतं, ते सुद्धा आपण मनाने तयार केलेलं निघालं, हे कळल्यावर तिला रडूही आलं नाही. नुसतं रिकामं रिकामं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. दिवसाच्या उजेडात एकीकडे जांभळा कोट, शेजारी डाळिंबी पट्टी. मागून कुणीतरी खुदकन हसलं. स्कूटरवाल्याची पट्टी निदान स्कूटरच्या गोत्रातली तरी होती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाकी सगळ्यांना जेवायला पिटाळलं आणि चिंधीला थांबवून घेतलं.

‘भडक करतात सगळेच,’ त्या म्हणाल्या. ‘पण तू नुसता भडक नाही केलास, रंगच बदललास. असं होत नाही. कुठे बघितला होतास कोट?’

‘दारात. ती घर सोडून जाताना.’

‘कधीची वेळ?’

‘दुपारची. मावशी सांगते तसं.’

‘मावशीचं राहू दे. तुला ऊन आठवतंय?’

चिंधीने मान हलवली. ऊन नव्हतं आठवत. तिला रंग आठवत होता, ऊब आठवत होती, बटण आठवत होतं.

मॅडमनी पेटीचं बटण दाबलं. दिवसाचा दिवा गेला आणि घरातल्या बल्बचा पिवळा उजेड कोटावर पडला. आणि कोट बदलला. त्यातला निळा कुठेतरी आत बुडाला, लाल वर आला, आणि जांभळ्या कोटाचा बघता बघता डाळिंबी झाला, थोडा विटकरीकडे गेलेला. शेजारची पट्टी त्या पिवळ्या उजेडात आणखीच गंजकट दिसायला लागली, तेव्हा मॅडमनी ती उचलली, शेजारच्या पेटीत ठेवली आणि तिथे दिवसाचा दिवा लावला. मग दोघी दोन पावलं मागे सरकल्या. एका पेटीत बल्बखाली कोट, दुसऱ्या पेटीत दिवसाच्या उजेडात पट्टी. रंग एकच होता.

‘नियमाने हे जुळलं नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘उजेड दोन आहेत. पण डोळे तुझे चुकलेले नाहीत. तू हा कोट दारात बघितलेलाच नाहीस, पोरी. घरात बघितलायस, बल्बखाली. आणि अगदी जवळून, त्याशिवाय असा मनात बसत नाही.’

इथे चिंधीला आपली खरी चूक कळली. रोज पट्ट्या दिवसाच्या उजेडात बघायची इतकी सवय झाली होती की आठवणीलाही स्वतःचा दिवा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. घरात बल्ब लागायचा तो एकाच खोलीत. मधल्या. तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि तिथेच, पेट्यांसमोर उभं राहून लावला.

‘ताई, जायच्या आधी तू मला मधल्या खोलीत भेटली होतीस?’

‘तुला आठवतंय?’ ताई म्हणाली.

‘नाही. रंग आठवतोय फक्त. मावशी म्हणते, मी दारात तुझा कोट धरून उभी होते. तू सांग.’

‘तू दारात कुठली असायला, शाळेत होतीस ना! मी निघाले ते तू शाळेत गेल्यावर. मावशी तर त्या दिवशी गावातच नव्हती. सकाळी तू रिबन शोधत मधल्या खोलीत आलीस. मी कोट घालून बघत होते. आईने तो मोठाच कापला होता, पुढे अंगाला पुरेल म्हणून. मी तुला आत ओढलं आणि बाहेरून बटणं लावली. तुला वाटलं खेळ आहे. इतकी हसलीस! म्हणालीस, ताई, काजातून दिवा दिसतोय. बाहेर यायलाच तयार नव्हतीस, शाळेची घंटा झाली तरी. मला कुठे सोडवत होतं तुला? मीच धरून ठेवलं होतं.’

चिंधी रडत होती आणि ताईला ते ऐकू जात होतं.

‘तुला सांगून गेले असते तर गेलेच नसते गं,’ ताई म्हणाली. ‘म्हणून नाही सांगितलं.’

‘मग मला कोणता कोट असं का विचारलंस? तुला आठवतच नव्हता ना?’

‘आठवत नव्हता? त्याच्यानंतर किती घेतले, अंगावर एकही नाही बसला. तू आणखी एकदा लिहावंस म्हणून विचारलं. एकदाच लिहून थांबलीस तर काय, अशी भीती वाटली.’

मॅडम केव्हाच बाहेर गेल्या होत्या. नंतर त्यांनी तिला मार्क किती दिले ते चिंधीने आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. फार नसावेत, नियम म्हणजे नियम.

रविवारी कोट घेऊन ती घरी गेली आणि मशीनच्या फळीवर ठेवला. आईने त्याला छातीशी वगैरे धरलं नाही. कुठलंही गिऱ्हाइकाचं कापड उलटवावं तसा तो उलटा केला, शिवणींवरून अंगठा फिरवला, फाटलेलं अस्तर उचलून बघितलं. फुलांच्या खिशावर तिचा हात जरा जास्त थांबला.

‘जांभळाच आहे,’ ती म्हणाली.

‘हो आई. जांभळाच.’ मग चिंधीने तिला मधल्या खोलीचं सांगितलं, बटणांचं, काजातून दिसणाऱ्या दिव्याचं. आई ऐकत राहिली. तिने चष्मा काढला.

‘मला ऐकू येत होतं,’ ती म्हणाली. ‘मी इथे बसले होते. आत तुम्ही दोघी खिदळत होतात. मला वाटलं, निवळलं. तिचा राग गेला. म्हणून मी निवांत मनाने लोकांचे कपडे पोचवायला गेले. परत आले तर...’ इतकी वर्षं ते हसणं आईने एकटीने सांभाळलं होतं आणि चिंधीला वाटत होतं की ताईचं कुणाला काही नाही.

मग आईने कात्री घेतली आणि जुनं अस्तर उसवायला लागली. ‘हे गेलंय सगळं. नवं लावते. पण नुसतं असं मेजावर टाकून नाही जमायचं. तेव्हा सडपातळ होती, आता कशी झालीय देव जाणे. अंगावर घालून बघावं लागेल.’

‘मग काय कळवू तिला?’

आईने कात्री पुढे चालवली. चिंधीने फोन काढून लिहिलं, ‘कोट आता टपालाने येणार नाही. आईने अस्तर बदलायला घेतलाय. माप घ्यायला तू हवीस.’ पाठवलं, आणि दोघी कामाला लागल्या. आई उसवत होती, चिंधी धागे वेचत होती. फोन वाजला तेव्हा दोघींचेही हात थांबले.

‘शनिवारी दुकान बंद करून निघेन,’ चिंधीने वाचून दाखवलं. ‘पोचायला संध्याकाळ होईल. चालेल का म्हणून विचारतेय.’

आईने कात्री खाली ठेवली. डोळे पुसले, चष्मा घातला, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, ‘राहायला ये म्हणावं. माप मी सकाळी घेईन. संध्याकाळी मला आता सुई ओवता येत नाही.’